अनंत पिवळा पडतो, कळ्या गाळतो, लांबट होतो: काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रोपवाटिकेतून आणलेला अनंत (गार्डेनिया) आला तेव्हा गच्च, हिरवागार आणि कळ्यांनी लगडलेला होता. दोन-तीन महिन्यांत शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडली, कळ्या न उमलताच गळाल्या, फांद्या लांब सुटून झाड विस्कटलं. खत वाढवून पाहिलं, फरक नाही. झाड पुन्हा ठेंगणं, दाट आणि फुललेलं कसं होईल?

सगळ्यात आधी खत थांबवा. पिवळं पान दिसलं की हात खताच्या डब्याकडे जातो, पण अनंताच्या बाबतीत बहुतेक वेळा अन्न मातीत असतंच, मुळांना ते उचलता येत नसतं. त्यात आणखी खत म्हणजे मातीत आणखी क्षार, आणि क्षार साठले की उरलीसुरली पांढरी मुळंही करपतात. तुमच्या तीन तक्रारींपैकी पिवळेपणाचं मूळ माती आणि पाण्यात आहे, कळीगळ ओलाव्याच्या चढउताराशी आणि तापमानाशी बांधलेली आहे, आणि लांबट फांद्यांचा प्रश्न छाटणीच्या वेळेचा आहे. यातली माती सुधारली की अर्ध्याहून जास्त काम झालं.

पण झाड अनंतच आहे ना, हे आधी पाहून घ्या. अनंत म्हणून दुहेरी तगर हातात पडलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. कळीवरून फरक करू नका, दोघांच्याही कळ्यांच्या पाकळ्या पिळलेल्या असतात. एक पान देठासकट तोडा. तगरीच्या देठातून लगेच पांढरा चीक येतो, अनंताच्या येत नाही. शिवाय अनंताची पानं समोरासमोर किंवा एका पेरावर तीन-तीन अशी असतात आणि प्रत्येक पेरापाशी देठांच्या मधोमध एक पातळ, टोकदार पापुद्रा असतो. झाड तगर निघालं तर पुढचं बरंचसं विसरा, तगर जवळजवळ कुठल्याही मातीत निभावून नेते.

अनंताचं तसं नाही. हे झाड कॉफीच्या कुळातलं. एक्झोरा, कदंब हेही याच कुळातले, आणि डिकेमालीचं झाड तर अनंताच्याच प्रजातीतलं (जीनस). त्याचं मूळ घर दक्षिण चीन, तैवान, जपान, व्हिएतनाम इथल्या दमट रानात आहे, जिथे जमिनीवर पालापाचोळ्याचा थर असतो, माती आंबट आणि भुसभुशीत असते, पाणी भरपूर मिळतं पण थांबत नाही. बागेत त्याला हेच द्यायचं असतं. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) 5 ते 6 च्या दरम्यान हवा, फार तर 6.5. त्याच्या वर गेला की मातीतलं लोह न विरघळणाऱ्या रूपात जातं आणि मुळं लोहात उभी राहूनही उपाशी राहतात. तुमच्या बागेत एक्झोराही असेल आणि त्याचीही कोवळी पानं फिकट असतील, तर संशय माती-पाण्यावरच घ्या.

आता पानं नीट बघा. कुठलं पान पिवळं आहे आणि कसं पिवळं आहे, यात बरंच निदान होऊन जातं. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, अगदी जाळी काढल्यासारख्या दिसत असतील तर ती लोहाची कमतरता. तुमच्या वर्णनाशी हेच जुळतं. खालची जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी आणि वरची हिरवी असतील तर मॅग्नेशियम कमी आहे. जुनी पानं सरसकट फिकट पिवळी होत असतील तर नत्राची (नायट्रोजनची) कमतरता. आणि जुनी-नवी सगळीच पानं मलूल, कडा तपकिरी, माती मात्र ओली, असं असेल तर मुळं कुजताहेत. तिथे लोह देऊन काही होणार नाही, रोप उपसून मुळं पाहावी लागतील. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी असतं आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून हातात येते, आत नुसता धागा उरतो.

एक अपवाद सांगतो, कारण त्याने बरेच जण उगाच घाबरतात. नवी पालवी जोरात फुटते त्या काळात अनंत आतल्या बाजूची काही जुनी पानं पिवळी करून टाकून देतो. ते नैसर्गिक आहे. शेंडे हिरवे असतील तर काहीही करू नका. आणि कडक थंडीत माती गार झाली की मुळांची उचल मंदावते, तेव्हा सामू बरोबर असूनही नवी पानं फिकट दिसतात. ऊब आली की ती आपसूक सुधारतात. त्या दिवसांत औषधांचा मारा करण्यापेक्षा कुंडी गार फरशीवरून उचलून लाकडी फळीवर ठेवणं जास्त उपयोगी.

पाण्याकडे येतो, कारण रोपवाटिकेतलं झाड घरी आल्यावर सगळ्यात आधी बदलतं ते पाणी. बोअरचं किंवा विहिरीचं पाणी जड असेल तर त्यात बायकार्बोनेट विरघळलेले असतात. दर पाण्यागणिक ते मातीत थोडा थोडा चुना घातल्याचंच काम करतात. आंबट मातीत लावलेलं झाड काही महिन्यांत विम्ल (आंबटाच्या उलट, अल्कधर्मी) मातीत उभं राहतं, आणि आपण मात्र मिश्रण चांगलं होतं म्हणून निश्चिंत असतो. कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरा थर दिसतो का ते पाहा. त्या थरावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बारीक बुडबुडे येऊन फसफसलं तर तो चुना आहे. अंगणातल्या कोरड्या मातीवरही हीच चाचणी करा. फसफसली तर त्या जमिनीत अनंत थेट लावू नका. टीडीएस मीटरवर इथे भिस्त ठेवता येत नाही, तो पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार दाखवतो, त्यात बायकार्बोनेट किती हे सांगत नाही.

सगळ्यात चांगलं पाणी पावसाचं. साठवता येत असेल तर ते अनंतासाठी राखून ठेवा. नाही तर जड पाण्यात सायट्रिक ॲसिड घाला: 10 लिटर पाण्याला सुमारे 2 ग्रॅमपासून सुरुवात करा, ढवळा, आणि सामूच्या पट्टीवर रंग 6 च्या आसपास येतोय का ते बघा. पाणी फार जड असेल तर किंचित वाढवावं लागेल, मऊ असेल तर इतकंही नको. पट्टी न वापरता अंदाजाने टाकू नका, 5 च्या खाली गेलेलं पाणी वारंवार दिलं तर मुळांना इजा होते. ॲसिड मिसळलेलं पाणी रोजच्या रोज ताजं करा. व्हिनेगर याच कामासाठी सुचवलं जातं, पण मातीतले जिवाणू ते लवकरच खाऊन टाकतात, म्हणून त्याचा परिणाम टिकत नाही. वापरलेल्या चहापत्तीने सामू फारसा हलत नाही. कुंडीत तिचा थर बसतो आणि मुळांची हवा तेवढी अडते. अंड्याची टरफलं, लाकडाची राख, हाडांचा चुरा ही तिन्ही अनंताच्या मुळापासून लांब ठेवा. टरफलं म्हणजे चुनाच, राख विम्ल, आणि चुऱ्यातलं कॅल्शियम आणि जास्तीचा स्फुरद (फॉस्फरस) लोहाची उचल आणखी अडवतात.

लोह द्यायचं तर कुठलं? फेरस सल्फेट स्वस्त आणि सहज मिळणारं, पण विम्ल मातीत पडलं की थोड्याच काळात ते गंजून निरुपयोगी होतं. ईडीटीए चिलेट (चिलेट म्हणजे लोहाला विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग) साधारण 6.5 सामूपर्यंत टिकतं, म्हणजे नेमकं जिथे अडचण आहे तिथेच कमी पडतं. विम्ल मातीत खात्रीने काम करतं ते ईडीडीएचए चिलेट. ते पाण्यात टाकलं की पाणी गडद लाल होतं, तीच त्याची खूण. पाकिटावरच्या मात्रेने ते मातीत द्या, फवारू नका. देण्याआधी माती ओली असावी. पिवळी झालेली जुनी पानं पुन्हा हिरवी होण्याची वाट पाहू नका. निर्णय नव्या पालवीवर करा: पुढची फूट हिरवी निघाली तर उपाय लागू पडला. पण हे लक्षात असू द्या की लोह देणं ही मलमपट्टी आहे. पाणी तेच राहिलं तर काही आठवड्यांनी शेंडे पुन्हा फिकट होतील.

जमिनीत सामू खाली आणायचा असेल तर गंधकाची भुकटी मातीत मिसळतात. मातीतले जिवाणू गंधकाचं आम्ल करतात, म्हणून परिणाम दिसायला आठवडे-महिने लागतात, आणि माती ऊबदार व ओलसर असेल तरच काम होतं. व्हिनेगरने फसफसणाऱ्या चुनखडीच्या मातीत मात्र गंधक ओतत राहूनही हाती काही लागत नाही, आम्ल तयार होतं तसं चुना ते मारून टाकतो. तिथे मोठी कुंडी किंवा विटांचा उंच वाफा हाच शहाणपणाचा मार्ग. वाफ्यात बाहेरची माती भरा आणि विटांचे सांधे सिमेंटने भरू नका, त्यातूनही चुना झिरपतो.

कुंडीतलं मिश्रण मी असं करतो: दोन भाग धुतलेलं कोकोपीट, दोन भाग नीट कुजलेलं पानांचं खत, एक भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) किंवा जाडसर, चुना नसलेली वाळू, आणि एक भाग झाडाच्या सालीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे. गांडूळखत घालायचं तर एकूण मिश्रणाच्या पाचव्या भागाहून कमीच घाला, ते बहुधा उदासीन ते किंचित विम्ल असतं आणि बारीक असल्याने निचराही कमी करतं. मिश्रण मुठीत दाबून सोडलं की गोळा व्हावा आणि बोटाने ढकलताच विस्कटावा. कोकोपीट न धुता वापरू नका, त्यात मीठ असू शकतं. कुंडी रोपाच्या मुळं-मातीच्या गड्ड्यापेक्षा बोटभर-दोन बोटं मोठी पुरे. छोट्या रोपाला एकदम मोठी कुंडी दिली तर मुळांनी न पोचलेली माती दिवसेंदिवस ओली राहते आणि कुज तिथूनच सुरू होते. लावताना गड्ड्याचा वरचा भाग आजूबाजूच्या मातीपेक्षा किंचित वर राहू द्या, खोडाला माती लावू नका. अनंताची मुळं वरच्या थरातच पसरतात, म्हणून भोवती खुरपणी टाळा. तण हाताने उपटा आणि खोडाभोवती थोडी जागा सोडून 5 ते 7 सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला.

पाणी द्यायची वेळ घड्याळावर ठरवू नका, बोटाने ठरवा. वरचा 2 सेंटिमीटर थर सुकला आणि खाली गारवा लागतोय, तेव्हा द्या, आणि भोकातून बाहेर येईपर्यंत द्या. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती स्थिती, म्हणजे ओलही आहे आणि हवाही आहे, अनंताला कायम हवी असते. बशीत साचलेलं पाणी ओतून टाका.

जागा सकाळच्या उन्हाची, चार-पाच तास थेट ऊन मिळेल अशी निवडा. ऊन सौम्य असलेल्या भागात दिवसभराचं चालतं, तळपत्या उन्हाळ्याच्या भागात दुपारनंतर सावली लागतेच. दुपारभर तापणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या अनंताच्या कळ्या टिकत नाहीत. गडद सावलीत झाड जगतं, पण लांबट होतं आणि फुलत नाही. घराच्या आत कायम ठेवायचं हे झाड नव्हे.

आता कळीगळ. अनंताच्या कळ्या धरतात त्या रात्री थोड्या गार असताना, साधारण 15 ते 18 अंश. रात्री सतत त्याहून बऱ्याच गरम राहिल्या की नव्या कळ्या कमी धरतात आणि धरलेल्याही गळतात. कळी दिसल्यापासून उमलेपर्यंत बरेच आठवडे जातात, आणि एवढ्या काळात झाडाला मोठा धक्का बसला की ते कळ्याच आधी सोडून देतं. गळालेली कळी हातात घेऊन पाहा. मटाराच्या दाण्याएवढी हिरवी कळी गळत असेल तर बहुधा रात्रीची उष्णता, कमी प्रकाश किंवा जास्त नत्र. फुगलेली, टोकाशी पांढरी झालेली कळी गळत असेल तर माती एकदा पूर्ण सुकून गेली असावी, किंवा कुंडीची जागा बदलली असावी. कळीच्या कडा तपकिरी आणि ती उघडायच्या बेतात अडकली असेल तर ती उलगडून पांढऱ्या कागदावर झटका. सरपटणारे बारीक, लांबुडके फुलकिडे दिसतील. तुमच्या झाडाच्या पहिल्या कळ्या गळाल्या यात तुमचा दोष फारसा नाही. रोपवाटिकेतली दमट हवा सोडून प्रवास करून आलेल्या झाडाने कळ्या टाकणं अगदी अपेक्षित आहे. विकत घ्यायचं तर कळ्या लहान असताना घ्या किंवा बहर संपल्यावर, आणि एकदा कळ्या दिसल्या की कुंडी फिरवूसुद्धा नका.

कोरड्या हवेत पानांवर पाणी शिंपडण्याचा उपयोग थोडाच वेळ टिकतो. फुलांवर शिंपडलं तर डागच पडतात. चार कुंड्या एकत्र ठेवल्या आणि वाऱ्याचा झोत अडवला तर हवेतला ओलावा जास्त टिकतो. अनंताच्या पाकळीला बोट लागलं तरी काही वेळाने तिथे तपकिरी डाग उमटतो, म्हणून फूल खुडायचं तर देठाला धरून. पहिल्या दिवशी शुभ्र असलेलं फूल पुढच्या दोन-तीन दिवसांत साईच्या रंगाचं आणि मग पिवळसर होतं. तो रोग नाही, त्याचं वयच तसं दिसतं.

आकाराबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त फुलं वाया जातात. तुम्ही आणलेलं रोप गच्च होतं त्यामागे बऱ्याचदा वाढरोधक (वाढ रोखणारी रसायनं) असतात. कुंडीत विकायच्या रोपांना ते देण्याची पद्धत आहे. त्यांचा असर ओसरला की फांद्या सुटतात. म्हणजे झाड बिघडलेलं नाही, ते आपल्या खऱ्या वाढीला लागलंय, आणि यापुढे आकार तुम्हाला द्यायचा आहे. फूल येतं फांदीच्या शेंड्यावर. म्हणून छाटणी करायची ती बहर संपल्या संपल्या, लगेच. लांब सुटलेल्या फांद्या साधारण एक तृतीयांश कमी करा, प्रत्येक काप पानांच्या जोडीच्या जरा वर. त्या जोडीच्या काखेतून दोन फुटवे निघतात. हे फुटवे तीन जोड्या पानांचे झाले की शेंडा नखाने खुडा, एकाचे पुन्हा दोन होतात. झाड असं दाट होतं, आणि जितके शेंडे तितकी फुलं धरायची जागा. पण गार रात्री सुरू व्हायच्या दीड-दोन महिने आधी खुडणं बंद. त्यानंतर खुडलेला प्रत्येक शेंडा म्हणजे पुढच्या बहरातलं एक फूल गेलं. छाटूनही फुलत नाही अशा झाडाची चौकशी केली, की ते थंडीत नीटनेटकं दिसावं म्हणून कापलेलं असतं, हे वारंवार समोर येतं.

खूप जुनं, खालून उघडं पडलेलं झाड एकदम जमिनीलगत कापू नका. दर वर्षी एक तृतीयांश जुन्या फांद्या बुंध्यापाशी काढा, तीन वर्षांत झाड नवं होतं. आणि सुकलेली फुलं खाली पडत नाहीत, तपकिरी होऊन लटकून राहतात. ती हिरव्या पुष्पकोशासकट काढा.

कायम ठेंगणंच हवं असेल तर जातच तशी घ्या, मोठ्या जातीशी दर वर्षी कात्रीने झगडू नका. रॅडिकन्स ही पसरट बुटकी जात दीड-दोन फुटांच्या आसपास थांबते आणि आडवी वाढते. पानं-फुलं लहान, सुवास मात्र पूर्ण. कुंडीसाठी आणि वाटेच्या कडेसाठी माझी पसंती तिलाच. व्हीची ही जात थोडी उंच पण आटोपशीर असते आणि बराच काळ फुलत राहते. मिस्ट्रीची फुलं तळहाताएवढी, पण ती पाच-सहा फुटांच्या वर जाते, तिला ठेंगणं ठेवण्याचा आग्रह धरू नये. क्लाइम्स हार्डी एकेरी फुलाची, तीन फुटांच्या आत राहणारी आणि थंडी सोसणारी. एकेरी फुलाच्या झाडांना नारिंगी, कंगोरे असलेली फळंही धरतात. केशराला रंग देणारं क्रोसिन त्या फळांत असतं, आणि पूर्व आशियात त्यापासून पिवळा रंग काढतात. दुहेरी फुलाला सहसा फळ धरत नाही.

किडींत पिठ्या ढेकूण, मावा, पांढरी माशी आणि खवले कीड यांच्यावर लक्ष ठेवा. पानांवर काळी भुकटी दिसली की ती बुरशी किडीच्या चिकट स्रावावर वाढलेली असते, म्हणून बुरशीनाशक शोधण्याआधी पानाची मागची बाजू बघा. पाण्याचा जोरदार फवारा, पिठ्या ढेकणांना स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस, आणि मग संध्याकाळी नीमतेल किंवा कीटकनाशक साबण, एवढ्यावर बहुधा भागतं. एका रात्रीत पानं फस्त झाली तर शेपटीकडे शिंग असलेली जाड हिरवी अळी शोधा आणि हाताने काढा. ती अळी एका पतंगाची असते, ज्याला कॉफीच्या कुळातली झाडं आवडतात. झाड दुपारी कोमेजतं, वाढ खुंटलेली आणि मुळांवर गाठी दिसताहेत, असं असेल तर ते सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी. तिथली माती टाकून द्या. सूत्रकृमींचा कायम त्रास असलेल्या जमिनीत गार्डेनिया थुनबर्जिया या अनंताच्याच नात्यातल्या जातीच्या खुंटावर बांधलेली कलमं वापरतात.

खत पुन्हा कधी? नवी पालवी हिरवी निघाल्यावर, वाढीच्या काळात, आम्लप्रिय झाडांसाठीचं खत पाकिटावरच्या निम्म्या मात्रेने, ओल्या मातीवर. थंडीत बंद.

आणि या बहरानंतर छाटलेल्या फांद्या फेकू नका. हिरवेपणा सरत आलेल्या, वाकवल्यावर तुटत नाहीत पण लवचीकही नाहीत अशा 10 ते 12 सेंटिमीटरच्या काड्या निवडा, वरची दोन-तीन पानं ठेवून ती पानं अर्धी कापा, खालचा काप पेराच्या लगेच खाली घ्या आणि परलाइट-कोकोपीटच्या ओलसर मिश्रणात खोचून वर पारदर्शक पिशवी घाला. उजेडात ठेवा, थेट उन्हात नाही. चार ते सहा आठवड्यांत हलकेच ओढून पाहिलं की काडी अडते, म्हणजे मुळं फुटली. एका छोट्या कुंडीत तीन रोपं एकत्र लावली तर पहिल्या वर्षापासूनच झाड दाट दिसतं.